मदत हवी आहे : डंकेलविरोधाची मराठी पत्रकं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातल्या शेतकरी चळवळींवर एमएचा प्रबंध लिहितोय. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेल मसुदा (गॅट या जागतिक व्यापार कराराचा प्रस्ताव, त्यात शेतमालाचा व्यापार आणि बियाण्यांवरचे पेटंटसारखे हक्कही होते) आला तिथपासून १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू होईपर्यंतचा काळ घेतलाय.

कर्नाटकाकडचं बरंच सापडतं. प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने (तिथली शेतकरी संघटना) डिसेंबर १९९२ मध्ये बंगळुरात कारगिल सीड्स या परदेशी बियाणे कंपनीच्या कचेरीत घुसून कागदपत्रं जाळली, पुढच्या जुलैत बळ्ळारीला त्याच कंपनीच्या अर्धवट बांधकामाची मोडतोड केली. घरचं बी राखून पेरायचं, शेजाऱ्याला द्यायचं, हे पेटंटमुळे बंद होईल अशी धास्ती होती.

आपल्याकडे मात्र शरद जोशींची शेतकरी संघटना उघडपणे डंकेलच्या बाजूने. निर्यातबंदी घालून, भाव पाडून सरकारच शेतकऱ्याला उणे सबसिडी (मदत नाही, उलट तोटा) देतंय, मग बाजार खुला झाला तर आपलं जातंय काय, हा त्यांचा सवाल. म्हणजे रयत संघाची हिरवी शाल विरोधात, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला समर्थनात आणि मध्ये फक्त राज्याची हद्द. ऊस तोच, सोयरिकीही त्याच!

मग महाराष्ट्रात विरोध केला कुणी? डावे पक्ष आणि संघ परिवारातला स्वदेशी जागरण मंच दोघेही विरोधात होते (एरवी एका पंगतीला न बसणारे), पण मला हाती लागलं ते सगळं पुढाऱ्यांच्या भाषणांचं. गावात काय बोललं जात होतं? बिल्ला लावूनही या एका मुद्द्यावर जोशींशी न पटलेले कार्यकर्ते होते का? सीमेपलीकडच्या पाहुण्यांकडून रयत संघाची पत्रकं इकडे यायची का, कुणी ती मराठीत केली होती का?

बरोबर कोण ठरलं यावर कृपया इथे जुंपू नका. २००१ च्या पीक वाण कायद्याने घरचं बी राखायचा, वाटायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क शेतकऱ्याला दिला. विरोधकांनी एवढा गदारोळ केला नसता तर ते कलम आलं असतं असं मला वाटत नाही, पण माझा प्रबंध त्यावर नाही.

कुणाच्या घरी माळ्यावर जुनी पत्रकं, सभेच्या जाहिराती असतील तर फोटो चालतील. आणि १९९३ च्या स्थानिक दैनिकांच्या फायली कोल्हापुरात नेमक्या कुठे चाळायला मिळतात? विद्यार्थ्याला पत्र लागतं का?