घारग्यांसाठी केशरी भोपळा नकोच

अमेरिकेत शेतावरून तोडून आणलेल्या भोपळ्याचे घारगे वातड झाले, म्हणजे इथल्या भोपळ्याला चवच नाही, अशी तक्रार एकाने केली; ते मत मला अर्धंच पटलं. दोष जातीचा आहे. ऑक्टोबरमध्ये लोक ढकलगाड्या भरभरून नेतात ते मोठे केशरी भोपळे हॅलोवीनला कोरण्यासाठीच लावलेले असतात. आकार, रंग, मजबूत देठ बघून निवडलेली जात ती, चव कोण बघतंय! गर दोरेदार आणि पाणी भरपूर. ते पाणी शोषायला कणीक वाढवत गेलं की घारगे वातड होणारच.

आमच्याकडे न्यू जर्सीत बऱ्याच शेतांवर कडेला फिकट तपकिरी, चपटे, खोल फाकांचे भोपळे मांडलेले असतात, 'लाँग आयलंड चीज' नावाचे. गर्दी त्यांना शोभेची वस्तू समजते. बटरनट नावाच्या लांबट भोपळ्यासारखेच तेही आपल्या लाल भोपळ्याच्या प्रजातीतले, गर घट्ट आणि गोड. इलिनॉयमधल्या मॉर्टनला लिबीज कंपनी डब्यातल्या गरासाठी वापरते तो डिकिन्सन भोपळाही याच कुळातला आणि रंगाने असाच मातकट. म्हणजे भोपळ्याच्या 'पाय'साठी (pie, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) अमेरिकन माणूससुद्धा कोरायचा भोपळा वापरत नाही!

मुलांसाठी केशरी घ्याच, त्याच्या बिया मीठ लावून भाजल्या तर छान लागतात. फक्त देठाला धरून उचलू देऊ नका. देठ मोडला की तिथूनच सडायला लागतो, मग हॅलोवीनपर्यंत टिकणं कठीण.