विश्वास नसताना वंदना म्हणणं खोटेपणा आहे का?

दापोडीचा_मुलगा
जय भीम सगळ्यांना. आमचं घर बौद्ध, मी दापोडीत वाढलो, आता वाकडला राहतो. मार्चमध्ये बाबा गेले. पुण्यानुमोदनानंतर (गेलेल्या माणसाच्या स्मरणाचा आमच्यातला विधी) आई माझ्याकडे आलीये आणि रोज संध्याकाळी फोटोसमोर मेणबत्ती लावून म्हणते, चल वंदना घेऊ. मी शेजारी बसतो, त्रिसरण पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, लहानपणापासून पाठ आहे त्यामुळे तोंडातून आपोआप येतं, पण मी देव मानत नाही, आत्मा मानत नाही, पुनर्जन्माचंही मला पटत नाही, आणि तरी "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणताना गळा दाटून येतो. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला तुम्हीपण मूर्तीपुढे अगरबत्ती लावता, मग फरक काय राहिला, आणि मला उत्तर देता आलं नाही. मी हे फक्त आईसाठी करतोय का? आणि तसं असेल तर ते चूक आहे का? खरंच विचारतोय.

येरवड्याची_मावशी
बाळा, आधी बाबांबद्दल ऐकून वाईट वाटलं. मी आमच्या विहारात रविवारी मुलांना वंदना शिकवते म्हणून सांगते, आपण पाठ करतो पण अर्थ कुणी सांगत नाही, तिथे घोटाळा होतो. फूल वाहताना म्हणतो ना, "पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं", म्हणजे हे फूल जसं कोमेजतं तसं हे शरीरही नाशाकडे जातं. यात काही मागितलंय का? मला पास कर, नोकरी दे, काहीच नाही. फूल वाहतो ते स्वतःला आठवण द्यायला. माझे मिस्टर गेले तेव्हा तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदा ती ओळ मला नीट ऐकू आली, त्या दिवशी मी पुढचं म्हणूच शकले नाही. गळा दाटतो त्याला खोटेपणा म्हणू नकोस रे.

मरकळ_रिटर्न
मी जन्माने बौद्ध नाही, कोथरूडचा, घरी गणपती बसतो. २ वर्षांपूर्वी आळंदीजवळ मरकळला विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर केलं. पहिले ३ दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना, आणि मग एक एक तास न हलता बसायचं, गुडघा असा पेटायचा की उठून घरी जावंसं वाटायचं. कुणी सांगितलं नाही की देव मान. पण एक सांगतो, सहाव्या दिवशी काहीही हाताला लागलेलं नसताना मी पहाटे ४ ला उठून परत बसलो ते कशाच्या जोरावर? पुराव्याच्या नक्कीच नाही. बुद्धांनी सांगितलेल्या मनाच्या पाच बळांमध्ये सद्धा (श्रद्धा) पहिली आणि पञ्ञा (प्रज्ञा) शेवटी का येते ते मला तेव्हा कळलं. करून बघण्याइतका भरवसा, एवढीच श्रद्धा मला समजते. तू रोज १० मिनिटं वंदनेनंतर श्वासावर बस, मग ठरव.

देहूरोड_८७
वरच्या भाऊंचा अनुभव खरा असेल, पण मला वाटतं आपल्या लोकांसाठी गोष्ट श्वासापाशी संपत नाही. माझे आजोबा डेपोत कामाला होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ २ वर्षं आधी, आणि आजोबा त्या गर्दीत होते. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांनी हात जोडले ते अशा माणसापुढे जो म्हणत होता मी मोक्षदाता नाही, मी मार्ग दाखवणारा आहे. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा वाच, देव-अवतार नाकारल्यावर पुढे अष्टांग मार्ग आहे, दहा पारमिता (दान, शील, मैत्री असे अंगी बाणवायचे गुण) आहेत, प्राणिमात्रांवर दया आहे, दारू न पिणं आहे. म्हणजे नुसतं नाकारणं नाही, रोज वागायचं काम आहे. मित्राला सांग फरक हाच. आणि आईसाठी करतोयस तर त्यात चूक कसली? आईवडिलांची सेवा हाही धम्मच आहे.

मरकळ_रिटर्न
@देहूरोड_८७ मान्य. शिबिरात जात विचारत नाहीत एवढ्यावर मी खूश होतो, पण बाहेर आल्यावर त्याबद्दल मी स्वतः काय केलं हा प्रश्न मला पडायला हवा होता.

येरवड्याची_मावशी
आणि धम्मवंदनेत "एहिपस्सिको" येतं बघ. ये आणि स्वतः बघ. तू आत्मा मानत नाहीस म्हणून घाबरतोयस, अरे आत्मा नाही हे तर भगवान बुद्धांनीच सांगितलंय.

दापोडीचा_मुलगा
मावशी, काल तुमची ती फुलाची ओळ आईला विचारली, अर्थ माहितीये का. म्हणाली नाही, तुझे बाबा म्हणायचे आणि मी मागून म्हणायचे, ४० वर्षं. मग मी मराठीत सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मेणबत्ती निम्मी झाली. नंतर म्हणाली हे मोठ्या अक्षरात लिहून दे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहून दिलंय, आणि आज सकाळी तिने पहिल्यापासून सगळीच वंदना अर्थासकट मागितली. मला सगळी येत नाही. येत्या रविवारी तुमच्या विहारात आलो तर चालेल का, आईला घेऊन?

येरवड्याची_मावशी
९ वाजता ये. वही आण.