मदत हवी आहे: बिली हॉलिडे कुठल्या क्रमाने ऐकू?

मंडळी, जुन्या बाजारात अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’ची एलपी मिळाली. रेकॉर्डिंग १९५८चं. तेव्हा तिचं वय अवघं बेचाळीस, पण आवाज पार घासलेला, श्वास मध्येच तुटतो; तरी सुई उचलवेना.

मग १९३५ची टेडी विल्सनच्या पियानोबरोबरची गाणी फोनवर लावली. हीच का ती बाई? विशीतला हलका, खट्याळ आवाज, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा. १९३७पासून त्यात लेस्टर यंगचा सॅक्सोफोन येतो आणि दोघं गप्पा मारल्यासारखे वाजतात-गातात. माझा जीव इथेच अडकलाय.

अडचण अशी की एकाच गाण्याच्या तीन-तीन आवृत्त्या सापडतात. काहींत खरखर इतकी पुसलीय की आवाजाचा कणच गेलाय. १९३३ ते ४२च्या रेकॉर्डिंगचा कमी पुसलेला, तारखा आणि वादकांची नावं देणारा संच कुणाकडे आहे का? सीडी चालेल. त्यानंतर १९३९च्या ‘स्ट्रेंज फ्रूट’ या गाण्यावाल्या, कमोडोर कंपनीच्या रेकॉर्ड घ्याव्यात की थेट १९५०च्या दशकातल्या, छोट्या वाद्यवृंदाबरोबरच्या?

आणि हो, एलपी धुवायची कशी? बायको म्हणते भांड्यांच्या साबणाने. मला धीर होत नाही.