बायोगॅसच्या टाकीत गॅस होतो, पण पेटत नाही. कल्चर (जीवाणूंचं तयार विरजण) टाकू का?

ओल्या कचऱ्यासाठी १००० लिटरची टाकी बसवली आहे. शेणकाला भरून दुसऱ्या दिवसापासूनच खरकटं आणि साली टाकतोय. गॅस साठवणारा ड्रम वर येतो, पण शेगडीपाशी नेलेली काडी विझते. स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ काल्याला, आंबट वास आहे. कल्चर आणू का?

उत्तर :
कल्चर राहू द्या, आधी टाकीत कचरा टाकणं बंद करा. काडी विझतेय म्हणजे गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. मी अशा टाक्यांमधली स्लरी तपासते; नव्या टाकीत बहुतेक वेळा हेच दिसतं.

आत कामं वाटलेली असतात. एका प्रकारचे जीवाणू कचरा फोडून आम्लं करतात, ते काही तासांत दुप्पट होतात. ती आम्लं खाऊन मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, बनवणारे सूक्ष्मजीव निराळे, आर्किया नावाच्या, जीवाणूंहून वेगळ्या गटातले. त्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ६.५ च्या खाली गेला की ते कामच सोडतात. बिचाऱ्यांना सवड मिळालेली नाही, एवढंच.

पीएचची पट्टी बुडवून बघा. ६.८ ते ७.५ हवा. कमी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला. चुना मी टाळते, तो कार्बन डायऑक्साइडशी जुळून तळाशी खडूसारखा बसतो. सोबत ताजा शेणकाला द्या, मिथेनवाले त्यातूनच येतात. ज्योत निळी आणि स्थिर झाली की मूठमूठ कचऱ्यापासून सुरुवात करा. आणि कृपा करून पहिला गॅस मोकळ्या हवेत सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, भडका उडू शकतो. टाकीजवळ काडी तर अजिबात नको.

प्रश्नकर्ता :
पट्टी ५.५ दाखवतेय! कचरा थांबवला. वाळका पाला टाकला तर चालेल?

दुसरं उत्तर :
नको. पाल्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडासारखा चिवट भाग, हवेशिवाय जवळजवळ कुजत नाही, वर साय धरून बसतं. त्याचं खत करा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवा. तो ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, तेव्हा रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. निवताना राखेसारखा पांढरा थर दिसला तर घाबरू नका, ते अ‍ॅक्टिनोमायसिटीज, बुरशीसारखे दिसणारे जीवाणू. पहिल्या पावसासारखा वास त्यांचाच.

पहिलं उत्तर देणारी :
अगदी बरोबर. टाकी रुळावर आली की बाहेर पडणारी स्लरी त्याच पाल्यावर ओता. पाल्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. तो स्लरीतून मिळतो.