मुलांची कावीळ: एसजीपीटी उतरतंय, आयएनआर चढतोय. नागपुरातून पुढे कधी हलवायचं?

रात्रपाळी_वॉर्ड
पावसाळ्यात नागपुरात मुलांच्या वॉर्डात कावीळ भरते. बहुतेक हिपॅटायटिस ए, आपोआप बरी होणारी. पण एखाद्याचं एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम) 3000 वरून 600 वर येतं, घरचे सुट्टी मागतात, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचा आकडा; लिव्हर थकलं की वाढतो) मात्र 1.4 चा 2.3 झालेला असतो. विश्वास कशावर ठेवायचा? हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही निगेटिव्ह आले तर काय शोधायचं?

पोटविकार_बाल
आयएनआरवर. पेशी फुटल्या की एसजीपीटी रक्तात येतं; फुटायला पेशीच उरल्या नाहीत तर ते उतरणारच. काल दोन बोटं लागणारं लिव्हर आज हाताला लागत नसेल तर घाबरा. व्हिटॅमिन के शिरेतून देऊन सहा तासांनी आयएनआर परत करा. तरीही 2 किंवा जास्त, किंवा गुंगीसोबत 1.5 किंवा जास्त, म्हणजे लिव्हर फेल्युअर. 4 ची वाट पाहू नका.

रक्तस्राव नसेल तर प्लाझ्मा देऊ नका, आकडा खोटा सुधारतो. गुंगीची सुरुवात साधी असते: रात्री जागरण, दिवसा झोप, चिडचिड. घरच्यांना पोर हट्टी झालंय असं वाटतं. झोपेचं औषध टाळा. साखर दर दोन ते चार तासांनी बघा, ग्लुकोज किलोमागे मिनिटाला 4 ते 6 मिलिग्रॅम चालू ठेवा.

विषबाधा_डेस्क
आधी घरातल्या बाटल्या मागवा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलिला 100 मिलिग्रॅम, 5 मिलिला 125 मिलिग्रॅमवाल्या सिरपमध्ये 1 मिलिला फक्त 25. सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स पाजले की चौपट डोस, तोही तीन-चार दिवस. इथे एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, पॅरासिटामॉलवरचा उतारा) लगेच: किलोमागे 150 मिलिग्रॅम एका तासात, 50 चार तासांत, 100 सोळा तासांत. इतर कारणांत, विशेषतः दोन वर्षांखालच्यांना, सरसकट देऊ नका.

उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट जास्त फसवी. उलट्या थांबतात, एक-दोन दिवस मूल बरं दिसतं, घरी पाठवलं जातं, मग लिव्हर जातं. आणि कावीळ उतरवणाऱ्याने काय पाजलं तेही विचारा, पण रागावून नको. रागावलं की खरं सांगत नाहीत.

पोटविकार_बाल
ताप असेल तर डेंग्यू आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, चाव्याच्या जागी खपली धरते). विदर्भात काखेत, जांघेत काळी खपली शोधाच. पाच वर्षांपुढे विल्सन (लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार): कावीळ खूप, हिमोग्लोबिन घसरतंय, कूम्ब्ज (रक्तपेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) निगेटिव्ह, अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम) विचित्र कमी. त्यात गुंगी आली की औषधाने मूल क्वचितच वाचतं, प्रत्यारोपणच लागतं. हिपॅटायटिस एमध्ये मात्र गुंगी येऊनही काही मुलांचं लिव्हर पूर्ण सावरतं.

रात्रपाळी_वॉर्ड
म्हणजे 2.3 ला थांबायचं नाही?

पोटविकार_बाल
नाही. व्हिटॅमिन केनंतरही आयएनआर तेवढाच असेल तर मूल बोलतंय तोवरच प्रत्यारोपण केंद्राशी बोला. लहान मुलांना बहुधा आईचा किंवा वडिलांचा लिव्हरचा तुकडा लागतो, म्हणून दोघांचे रक्तगट आजच करून पाठवा. रुग्णवाहिकेत ग्लुकोज बंद पडू देऊ नका.