आजोबांची पदके नातवाने लावावीत का?

प्रश्न (करवीरकर): माझे दिवंगत आजोबा 1965 च्या युद्धात मराठा रेजिमेंटमधून लढले. येत्या 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, कोल्हापुरातील कार्यक्रमात त्यांचे समर सेवा स्टार आणि रक्षा पदक मी छातीवर लावले, तर ते औचित्याला धरून होईल का?

उत्तर (माजी सुभेदार, शिरोळ): अवश्य लावा, परंतु उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याचीच असते. दिवंगताचे वारस उजवीकडे लावतात, आणि त्यामुळे पाहणाऱ्याला हा मान कोणाचा आहे हे न विचारता कळते. एरवीच्या समारंभांत, लग्नकार्यात मात्र लावू नयेत. आमच्या सैनिक टाकळीत घरोघरी अशी पदके आहेत. ती पेटीत काळी पडण्यापेक्षा नातवंडांनी त्या दिवशी मिरवलेली मला अधिक आवडतील.

उत्तर (शिक्षिका, कागल): पदकांसोबत ध्वजदिनाचा छोटा ध्वजही लावावा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे त्याचे रंग भूदल, नौदल व हवाई दलाचे आहेत. 1949 पासून हा दिवस पाळला जातो आणि जमणारा निधी वीरपत्नी, जखमी जवान व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी जातो, म्हणून पैसे न देता नुसता ध्वज मिरवणे मला अपुरे वाटते.

करवीरकर: आभारी आहे. पदके उजवीकडेच लावीन, आणि निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजीच्या हस्ते देऊ.