ग्राहक थोडे वाढले, महसूल मात्र दुपटीवर : एअरटेलची ही वाढ किती टिकेल?

सातारकर :

नमस्कार मंडळी,

2002 मध्ये भारती टेलि-व्हेंचर्स या नावाने आजची एअरटेल भागविक्रीला आली, तेव्हा 45 रुपये दराने मला मोजकेच समभाग मिळाले होते. 2009 मध्ये दर्शनी मूल्य दहाचे पाच रुपये झाले आणि समभागांची संख्या दुप्पट झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे भाव तीनशे-चारशेच्या आसपासच रेंगाळत राहिला. 2025 च्या अखेरीस तोच भाव दोन हजारांच्या घरात पोहोचला. विकावेत की ठेवावेत हा सल्ला मला नको आहे, तो निर्णय माझा मी घेईन. परंतु या वाढीचा अर्थ नीट समजून घ्यावा असे मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

निवृत्तीनंतर वेळ असल्याने गेल्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल वही घेऊन वाचले. 2018-19 मध्ये कंपनीचा एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून, महसूल सुमारे 80,800 कोटी रुपये होता, तो 2024-25 मध्ये 1,72,985 कोटींवर पोहोचला. भारतातील मोबाइल ग्राहक मात्र या काळात सुमारे 28 कोटींवरून 36 कोटींच्या आसपासच गेले. म्हणजे ग्राहक पाव पटीहून थोडे अधिक वाढले आणि महसूल दुपटीच्या पुढे गेला. मधला दुवा उघड आहे, तो म्हणजे दर ग्राहकामागे महिन्याला मिळणारा सरासरी महसूल, ज्याला सगळे ‘आर्पू’ म्हणतात. ऑक्टोबर-डिसेंबर 2018 या तिमाहीत तो 104 रुपये होता. जुलै-सप्टेंबर 2025 मध्ये तो 256 रुपये झाला. अध्यक्ष सुनील मित्तल आधी दोनशे आणि पुढे तीनशे रुपयांचे उद्दिष्ट जाहीरपणे सांगत आले आहेत, त्यापैकी पहिला टप्पा कधीच ओलांडला आहे.

माझा प्रश्न असा, की या वाढीत खऱ्या व्यवसायवाढीचा वाटा किती, केवळ दरवाढीचा किती आणि हिशेबाच्या मांडणीमुळे दिसणारा किती? आणि दरवाढ हेच मुख्य साधन असेल, तर त्याला मर्यादा कुठे येते? 2024-25 चा निव्वळ नफा 33,556 कोटी दिसतो. पाच वर्षांपूर्वी हीच कंपनी प्रचंड तोट्यात होती, हे आठवले की हा आकडा पाहून समाधानाबरोबर शंकाही येते.

हिशेबनीस :

सातारकर सर, आपली शंका योग्य आहे, कारण तोट्याचे ते वर्ष आणि नफ्याचे हे वर्ष, दोन्हीकडे एकदाच घडणाऱ्या गोष्टींचा मोठा हात आहे.

तोट्यापासून सुरुवात करतो. 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे ‘एजीआर’च्या व्याख्येबाबत दूरसंचार विभागाची बाजू उचलून धरली. परवाना शुल्क केवळ दूरसंचार सेवेच्या उत्पन्नावर नव्हे, तर इतर उत्पन्नावरही द्यावे लागेल, असा त्याचा अर्थ होता आणि मुद्दलाहून व्याज व दंडाचाच बोजा मोठा होता. त्याची तरतूद करावी लागल्याने जुलै-सप्टेंबर 2019 या तिमाहीत एअरटेलला 23,045 कोटींचा, तर व्होडाफोन आयडियाला 50,921 कोटींचा तोटा दाखवावा लागला.

आता नफ्याकडे या. ऑक्टोबर-डिसेंबर 2024 या एकाच तिमाहीचा निव्वळ नफा 14,781 कोटी होता. त्या तिमाहीत इंडस टॉवर्स ही मोबाइलचे मनोरे भाड्याने देणारी कंपनी एअरटेलची उपकंपनी झाली. आधीपासून हाती असलेल्या हिश्श्याचे अशा वेळी नव्याने मूल्यांकन होते आणि त्यातून आलेला फायदा नफ्यात धरला जातो. त्यात रोख रक्कम हाती येत नाही आणि तो पुन्हा पुन्हा होत नाही. शिवाय तेव्हापासून इंडसचा महसूल आणि परिचालन नफा (व्याज, कर व घसारा वजा करण्याआधीचा) एअरटेलच्या एकत्रित हिशेबात मिसळू लागला. मनोऱ्यांच्या धंद्यात परिचालन नफ्याचे प्रमाण मुळातच जास्त असल्याने एकत्रित टक्केवारीही सुधारलेली दिसते. म्हणून मी एकत्रित आकड्यांवर न थांबता अहवालातील ‘भारत मोबाइल सेवा’ हा विभाग स्वतंत्रपणे वाचतो. तिथली सुधारणा खरी आहे आणि ती प्रामुख्याने दरवाढीतून व जास्त पैसे देणारे ग्राहक निवडण्यातून आलेली आहे.

एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते, ती म्हणजे कर्जाची हाताळणी. अडचणीच्या काळात कंपनीने भागधारकांकडे दोनदा हात पसरला : 2019 मध्ये 220 रुपये दराने 25,000 कोटींची आणि 2021 मध्ये 535 रुपये दराने 21,000 कोटींची हक्कभाग विक्री. दुसऱ्या वेळी अर्जासोबत पाव रक्कमच घेतली आणि उरलेली नंतरच्या हप्त्यांवर ठेवली. 2022 च्या सुरुवातीला गुगलने 734 रुपये दराने समभाग घेतले. पुढे हाती रोकड येऊ लागल्यावर स्पेक्ट्रमच्या (मोबाइल सेवेसाठीच्या लहरींच्या पट्ट्यांच्या) लिलावांतील जुनी, जास्त व्याजाची देणी मुदतीआधी फेडायला घेतली आणि 2024 च्या अखेरपर्यंत 2012, 2015 व 2016 च्या लिलावांची देणी संपवली. त्या देण्यांवर नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होते. दरवाढीतून आलेला पैसा नव्या साहसात न घालता आधी महाग कर्ज फेडले, हे मला या व्यवस्थापनाचे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते, विशेषतः 2010 मध्ये झेन या दूरसंचार कंपनीचा आफ्रिकेतील व्यवसाय 10.7 अब्ज डॉलरला घेऊन याच कंपनीने डोक्यावर केवढे ओझे चढवले होते हे ज्यांना आठवते, त्यांना.

बार्शीचा दुकानदार :

वरचे आकडे वाचले. मी तालुक्याच्या गावात सोळा वर्षे मोबाइल दुरुस्ती आणि रिचार्जचे दुकान चालवतो. दरवाढीला मर्यादा कुठे येते, हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज उभा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

2021 च्या जुलैपर्यंत एअरटेलचे कार्ड 49 रुपयांत 28 दिवस चालू राहत असे. मग ते 79 झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात 99, पुढे 155 आणि तेही 24 दिवसांसाठी, आणि जुलै 2024 पासून 199. तीन वर्षांत चौपट. इतर खासगी कंपन्यांनीही थोड्याफार फरकाने हीच वाट धरली. शहरात दीड-दोन जीबी रोज वापरणाऱ्या माणसाला दरवाढ दर खेपेला पंधरा-वीस टक्क्यांची वाटली; साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला ती चौपट वाटली, कारण त्याच्यासाठी ती खरोखरच चौपट होती.

एक मावशी नेहमी येतात, शेतमजुरी करतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीला रबर लावलेले. मुलगा पुण्यात कामाला आहे, त्याचा रात्री फोन येतो, एवढाच त्या फोनचा उपयोग. मुदत संपली की काही दिवसांनी येणारा फोनही बंद होतो, मग मुलगा शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात येतात. दरवेळी विचारतात, “बाळा, नुसता येणारा फोन चालू राहील असं शंभरातलं काही नाही का?” माझ्याकडे तसे काही नसते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक ठेवण्याची सक्ती केली, ही चांगली गोष्ट झाली. त्याप्रमाणे 84 दिवसांचा 469 रुपयांचा आणि वर्षाचा 1,849 रुपयांचा पॅक आला. आता हिशेब करून पाहा. 28 दिवसांप्रमाणे वर्षात 13 वेळा रिचार्ज करावे लागते. 199 गुणिले 13 म्हणजे 2,587 रुपये. वर्षाचा पॅक घेतला तर सातशेहून अधिक रुपये वाचतात. पण ज्याची मजुरी रोजच्या रोज येते आणि रोज संपते, त्याच्या हातात एकरकमी 1,849 रुपये कधी नसतात. म्हणून ज्याची ऐपत सगळ्यांत कमी, तोच सगळ्यांत महाग दराने बोलतो. याचा मला मनापासून त्रास होतो आणि नियामकाने 28 दिवसांसाठीही स्वस्त, फक्त बोलण्याचा पॅक सक्तीचा करावा असे माझे ठाम मत आहे.

गिऱ्हाइकांनी केले काय, तर दुसरे सिमकार्ड सोडून दिले. आमच्या भागात आयडियाचे जुने नंबर पुष्कळ आणि ऑफर आली तसे दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेतलेले. जुलै 2024 नंतर दोन कार्डे सांभाळणे परवडेना. काही जण बीएसएनएलकडे गेले, त्यातले बरेच जण इंटरनेट पुरेसे चालेना म्हणून परत आले. घरटी एक चांगला नंबर आणि बाकीचे बंद, असे चित्र आहे, आणि तो एक नंबर बऱ्याचदा एअरटेलचा किंवा जिओचा असतो. तेव्हा सरासरी वाढली त्यात हेही आहे, की कमी पैसे देणारा माणूस मोजणीतूनच गेला.

मनोऱ्याखाली :

मी नेटवर्क उभारणीच्या कामात आहे, विदर्भात. (कुठल्या कंपनीसाठी हे लिहीत नाही, आमची कामे सगळ्यांकडून येतात.) दुकानदार दादांनी ग्राहकाची बाजू फार नेमकी मांडली. मी खर्चाची बाजू लिहितो, कारण वाढीच्या धोरणाचा अर्धा भाग पैसा कुठे खर्च केला नाही यात असतो.

2022 च्या लिलावात जिओने 88,078 कोटींचे स्पेक्ट्रम घेतले, त्यात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा देशभर घेतला आणि एकट्या त्या पट्ट्यालाच 39,000 कोटींहून अधिक लागले. एअरटेलने तो पट्टा घेतलाच नाही आणि 43,084 कोटींत काम भागवले. 700 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आत शिरते. तिच्याशिवाय स्वतंत्र 5जी जाळे खेड्यापाड्यांत पसरवणे अवघड जाते. एअरटेलने वेगळा मार्ग घेतला. 5जी चा नवा रेडिओ बसवायचा, परंतु फोनची जोडणी आणि बरेचसे नियंत्रण आधीच्या 4जी जाळ्यावरच ठेवायचे, म्हणजे गाभा (सगळ्या जाळ्याचे नियंत्रण करणारी मुख्य यंत्रणा) नवा उभारायची घाई नाही आणि 900, 1800, 2100 व 2300 मेगाहर्ट्झचे आपले जुने पट्टे कामी येतात. ऑक्टोबर 2022 मध्ये पहिल्या आठ शहरांत सेवा सुरू झाली, त्यात मुंबई आणि आमचे नागपूर होते. तेव्हा पुष्कळ जणांनी याला अर्धवट 5जी म्हटले. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मला तो निर्णय बरोबर वाटला, कारण ग्राहक तेव्हा 5जी साठी वेगळे पैसे देत नव्हता.

प्रश्न पुढचा आहे. घरोघरी बिनतारी ब्रॉडबँड द्यायचा, तर एकेक घर मोबाइलपेक्षा कितीतरी पट अधिक डेटा खेचते आणि तिथे स्वतंत्र 5जी ची गरज लागते. एअरटेलने ऑगस्ट 2023 मध्ये दिल्ली-मुंबईत एअरफायबर ही तशी सेवा सुरू केली. मार्च 2025 पर्यंत सगळी मिळून घरगुती जोडणी एक कोटीवर गेली. मात्र या विभागातला दर घरामागचा महसूल वाढत नाही, उलट उतरत साडेपाचशेच्या आसपास आला आहे. मोबाइलमध्ये जे घडले त्याच्या बरोबर उलटे इथे घडते आहे : घरे भराभर वाढतात, दर खाली जातात. सातारकर सर, आपल्या ‘खऱ्या व्यवसायवाढी’चे उत्तर मला इथे दिसते, आणि ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

कंपालाहून :

आफ्रिकेचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. मी युगांडात नोकरीला आहे. इथे एअरटेल म्हणजे केवळ फोन नव्हे. रस्त्याच्या कडेला लाल छत्रीखाली बसलेल्या एजंटाकडे रोख द्यायची आणि फोनवरून गावी पैसे पाठवायचे, हा लोकांचा रोजचा व्यवहार आहे. भाजीवालीसुद्धा एअरटेल मनी घेते. एअरटेल आफ्रिका 2019 पासून लंडनच्या बाजारात नोंदलेली आहे आणि 14 देशांत काम करते. इथे ग्राहकही वाढतात आणि दर ग्राहकामागचा महसूलही वाढतो. जोखीम आहे ती चलनाची. जून 2023 मध्ये नायजेरियाने नायरा हे आपले चलन मोकळे सोडले, ते कोसळले आणि त्या वर्षी धंदा वाढूनही कंपनी 8.9 कोटी डॉलरच्या तोट्यात गेली. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या नियामकाने 50 टक्क्यांपर्यंत दरवाढीस परवानगी दिल्यावर श्वास घ्यायला जागा मिळाली.

सातारकर :

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदार दादा, 199 गुणिले 13 हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. माझ्या वहीत आता तो पहिल्या पानावर आहे. हिशेबनीस, एकच गोष्ट अजून विचारतो. इंडसचे मनोरे व्होडाफोन आयडियाही भाड्याने वापरते. मग ती कंपनी बुडाली तर एअरटेलला ग्राहक मिळतील म्हणून आनंद मानायचा, की भाडे जाईल म्हणून चिंता करायची?

हिशेबनीस :

दोन्ही, आणि म्हणूनच इंडसला उपकंपनी केल्यापासून हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. इंडसचे मोठे भाडेकरू दोनच, एअरटेल स्वतः आणि व्होडाफोन आयडिया. एअरटेल स्वतःच्या मनोऱ्याला जे भाडे देते ते एकत्रित हिशेबात वजा होऊन जाते; बाहेरून खरोखर येणारे भाडे मुख्यतः व्होडाफोन आयडियाचेच. त्या कंपनीची सरकारी देणी समभागांत बदलून सरकारने एप्रिल 2025 मध्ये आपला हिस्सा सुमारे 49 टक्क्यांवर नेला आहे, त्यामुळे तिला एकाएकी बुडू दिले जाईल असे मला वाटत नाही. ती बंद पडली, तर तिचे ग्राहक जिओ आणि एअरटेल यांच्यात वाटले जातील, पण मनोऱ्यावरची रिकामी जागा जिओ भरणार नाही, कारण त्यांची मनोऱ्यांची व्यवस्था बहुतांशी वेगळी आहे. आपण पुढच्या तिमाहीचा अहवाल उघडाल, तेव्हा इंडसच्या येणे बाकीचा आकडा आवर्जून पाहा. व्होडाफोन आयडियाची खरी तब्येत तिथे आधी कळते.